तासभर लांब

ताई काल रात्री अमेरिकेला गेली. आज दुपारी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "आता कुठवर आली असेल गं?" हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी एसटीबद्दल विचारला जायचा आणि त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: शिरवळ. सातारा-पुणे प्रवासातला माणूस कधीही विचारलं तरी शिरवळलाच असतो.

फोनवर दोन विमानतळ टाकले. मुंबई (तिच्या खुणेची तीन अक्षरं अजून 'बॉम्बे'तलीच आहेत) आणि सॅन फ्रान्सिस्को. सुमारे १३,५०० किलोमीटर, सतरा-एक तास. आईला हे अजिबात पटलं नाही. ती उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजते. सातारा ते सहार, तिथलं ताटकळणं, मध्ये विमान बदलणं, पुन्हा तिकडची मोटार. "तीस धर," म्हणाली आणि मेथीचा देठ मोडला.

किलोमीटर मात्र सरळ रेषेतले, म्हणजे आमच्या भूगोलाच्या बाईंच्या दोऱ्याचे. शाळेतल्या पृथ्वीगोलाचा आस कधीच तुटलेला होता, म्हणून बाई तो नारळासारखा मांडीवर धरायच्या. भिंतीवरच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्को अगदी डाव्या कडेला. वाट कशी जाईल? आम्ही बोटं फिरवली: अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक, सगळी अमेरिका. मग बाईंनी वाण्याच्या पुडीचा दोरा काढला, एक टोक मुंबईवर, दुसरं तिकडे, आणि ताणला. दोरा सरकत सरकत थेट वर गेला! लडाख, सायबेरिया, पुढे नुसतं बर्फ, आणि पलीकडे कॅनडावरून खाली. आफ्रिका राहिली बाजूलाच. शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, दोरा ओला असेल. मला आजही तो दोरा मनातून पूर्ण पटलेला नाही.

आणि विमानं तरी कुठे दोऱ्याचं ऐकतात? २०१६च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९०० किलोमीटरचं १५,३०० झालं आणि तरी ते साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचलं. वर वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, तो पाठीशी घेतला. बाबांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नसतं. पुण्यात आत्याकडे गेलो की ते तिची स्कूटर काढायचे आणि लक्ष्मी रस्ता टाळून मला नदीकाठाने भलता वळसा घालून न्यायचे. "रस्ता वाहता पाहिजे," म्हणायचे. पेट्रोलवरून आईशी वाद व्हायचा. एकदा वळसा घालूनही सिनेमाच्या पाट्या संपल्यावरच पोचलो होतो, पण तो विषय घरात निघत नाही.

मेथी संपली. ताईचा फोन अजून नाही.

मागच्या नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाने मागे गेली, साडेबारा तासांचा फरक साडेतेरा झाला. आईला वाटीत चहा ओतत मी ते समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आणखी तासभर लांब गेली म्हण की."

तसं नसतं, असं सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "मार्चात येते परत जवळ."