तुम्ही विचारलंत म्हणून: उपास आणि इम्युनिटी

मी इम्युनॉलॉजी शिकवते हे कळलं की लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, उपास केला की प्रतिकारशक्ती वाढते ना हो?" उभ्या उभ्या काय सांगणार, म्हणून आज बसून लिहिते, आणि सुरुवात उंदरांपासून करते कारण मला स्वतःला हे त्यांच्यामुळेच समजलं.

अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत 1949 साली एक प्रचंड जाड उंदीर दिसला. त्याचं हे वाण सतत खात सुटतं आणि वजन नेहमीच्या तिपटीपर्यंत जातं. त्यात नेमकं काय बिघडलंय ते 1994 मध्ये कळलं, न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने तो जीन शोधला आणि त्यापासून बनणाऱ्या हार्मोनला लेप्टिन नाव दिलं. लेप्टिन चरबीच्या पेशी बनवतात, साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. या उंदरांत ते बनतच नाही.

पण मला थक्क करतो तो त्यांचा थायमस. टी-सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जिथे तयार होतात ती छातीतली ग्रंथी. अंगावर एवढी चरबी आणि थायमस मात्र उपाशी उंदरासारखा सुकलेला!

मग 1998 मध्ये लंडनला ग्रॅहम लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी धडधाकट उंदरांना 48 तास उपाशी ठेवलं. टी-सेल्सची प्रतिक्रिया पार मंदावली, यात नवल नाही, खायलाच नाही तर लढणार कशाने असं आपण म्हणतो. पण काही उंदरांना त्याच उपासात लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि त्यांची प्रतिक्रिया परत आली, पोटात दाणा नसताना! म्हणजे पेशी नुसत्या अन्नावाचून थांबल्या नव्हत्या, "साठा आहे" हा निरोप पोचला नाही म्हणूनही थांबल्या होत्या. टी-सेल्सवर लेप्टिनचे रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून पकडणारे रेणू, असतात, निरोप थेट तिथे पोचू शकतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की उपाशी उंदरांचा थायमसही लेप्टिनमुळे आकसायचा वाचतो. हे मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी तितकाच आनंद होतो.

मग लेप्टिन जास्त तेवढं चांगलं का, तर नाही. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार उंदरांत मुद्दाम घडवतात, त्यात टी-सेल्स स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटतात. बिनलेप्टिनच्या उंदरांना तो होत नाही, त्यांना लेप्टिन दिलं की होतो.

आता उपासाचं. उंदीर असतो वीस-पंचवीस ग्रॅमचा, त्याचे 48 तास म्हणजे जिवावरचं संकट, तुमची साबुदाण्याच्या खिचडीची एकादशी नव्हे, त्यामुळे हा प्रयोग दाखवून कोणी तुम्हाला उपास करा किंवा करू नका म्हणत असेल तर ऐकू नका. माणसांत हे खरं दिसतं ते दुसरीकडे. जन्मतःच लेप्टिन नसलेली अगदी मोजकी मुलं जगात सापडली, तुर्कस्तानातल्या अशा एका कुटुंबातली बरीच लठ्ठ मुलं लहानपणीच इन्फेक्शनने गेली. आणि कुपोषित मुलांच्या रक्तात लेप्टिन कमी असतं, थायमस आकसलेला असतो. मेळघाटातलं बाळ न्यूमोनियाने गेलं अशी बातमी वाचली की मला ते उपाशी उंदीर आठवतात, आणि गच्चीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी हल्ली तिथूनच सुरू करते.