लेथसाठी पटाश्या निवडताना : माझा अनुभव

लाकूडकामाचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचे यंत्र, घरी आला, त्या आठवड्यात माझे सगळे लक्ष यंत्राकडेच होते. ते कशावर बसवायचे, हादरे कसे कमी करायचे, मोटर किती तापते, हेच मी पाहत होतो. अवजारांचा वेगळा विचार मी केला नव्हता. दुकानदाराने आठ पटाश्यांचा एक संच लाकडी पेटीत घालून पुढे ठेवला आणि सुरुवातीला यात सगळे आले असे सांगितले. मीही फारशी चौकशी न करता तो घेतला. त्या आठांपैकी दोन पटाश्या कशासाठी असतात हे मला वर्षभर कळले नाही, आणि ज्या रोज लागल्या त्यांची धार दहा मिनिटांच्या पुढे टिकली नाही.

पहिले काम लाटण्याचे होते. शिसवीचा चौकोनी तुकडा दोन टोकांमध्ये धरला आणि मोठी गोल पटाशी लावली, तर ढलप्या निघण्याऐवजी नुसता भुसा उडू लागला. नव्या पटाशीला कारखान्यात फक्त आकार दिलेला असतो, कामाची धार आपणच लावायची असते, हे मला ठाऊक नव्हते. मग घरातल्या सहा इंची ग्राइंडरवर ती धरली. ५० हर्ट्झच्या आपल्या विजेवर असा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो आणि त्यावरचे राखाडी चाक पातळ धार पाहता पाहता तापवते. धारेच्या टोकाशी निळा रंग दिसला. संच साध्या कार्बन पोलादाचा होता. त्या पोलादावर निळा रंग चढला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास पोहोचले आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे कठीणपणा गेला. तो भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय पुढे धार टिकत नाही. हायस्पीड स्टील, म्हणजे ज्याला बाजारात नुसते एचएसएस म्हणतात, ते सुमारे ६०० अंशांपर्यंत आपला कठीणपणा सोडत नाही. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम आणि व्हॅनेडियम असते आणि एम-२ ही त्याची लेथच्या पटाश्यांसाठी सर्रास वापरली जाणारी जात आहे. ज्याचा हात अजून धार लावण्यात बसलेला नाही त्याने एचएसएसच घ्यावे असे माझे ठाम मत आहे, कारण शिकताना चाकावर वेळ जास्त जातो आणि चुकाही तिथेच होतात.

दुसरी चूक मात्र अंगावर येऊ शकली असती. लाटणी जमू लागल्यावर मी आंब्याच्या लाकडाची वाटी करायला घेतली आणि चौकोनी लाकूड गोल करण्यासाठी वापरतो तीच रुंद गोल पटाशी वाटीला लावली. वाटीच्या लाकडात तंतूंच्या रेषा आडव्या धावतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा रेषांची कापलेली टोके येतात आणि पटाशीला झटके बसतात. शिवाय या रुंद पटाशीचे पाते मुठीत शिरते तिथे फक्त चपटी, अरुंद शेपटी असते. धार लाकडात घुसली, पटाशी टेकणीवर, म्हणजे लेथवर हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीवर, उलटली, शेपटी वाकली आणि वाटीचा तुकडा तो पकडून ठेवणाऱ्या चकमधून निसटून भिंतीवर आदळला. तोंडावर पूर्ण शील्ड होती म्हणून इजा झाली नाही. ही पटाशी फक्त लांबीच्या दिशेने रेषा असलेल्या लाकडासाठी आहे, वाटीला ती कधीही लावायची नाही. ही एक ओळ त्या पेटीच्या झाकणावर छापलेली असायला हवी होती, असे मला आजही मनापासून वाटते.

त्यानंतर काम थांबवून मी सावंतवाडीला गेलो. चितार आळीत लाकडी फळे, खेळणी, पोळपाट-लाटणी मांडलेली असतात, पण मला वस्तूंपेक्षा त्या घडवणाऱ्या हातातली हत्यारे पाहायची होती. एका वयस्कर कारागिराने मला अर्धा दिवस शेजारी बसू दिले. त्यांच्याजवळ फक्त चार पटाश्या होत्या, त्यांच्या मुठी त्यांनीच कातलेल्या होत्या, आणि दर थोड्या वेळाने ते हात थांबवून धार पाहत होते. मी माझ्या आठांची नावे सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, “दादा, तुम्हाला करायचंय काय ते आधी ठरवा. हत्यार मग आपोआप ठरतं.” मग त्यांनी फिरत्या लाकडावर पटाशीचा धारेमागचा उतार आधी नुसता टेकवला, काहीच कापले जात नव्हते. मूठ सावकाश वर उचलली तशी धार लाकडाला भेटली आणि अखंड ढलपी निघू लागली.

घरी आल्यावर मी करायच्या वस्तू कागदावर लिहिल्या. लाटणी, ताकाच्या रव्यांचे दांडे, देव्हाऱ्याचे कातीव खांब, आणि वाट्या पुढे कधीतरी. यातल्या पहिल्या तिन्ही वस्तूंत रेषा लांबीच्या दिशेने असतात, तेव्हा त्यांच्यापुरती खरेदी चार पटाश्यांत आटोपली. चौकोनी लाकूड गोल करायला पाऊण इंची रुंद गोल पटाशी, खोबणी आणि मणी काढायला तीन-अष्टमांश इंची लहान गोल पटाशी, पृष्ठभाग गुळगुळीत करायला पाऊण इंची तिरकी पटाशी, आणि माप घेऊन तुकडा वेगळा करायला एक-अष्टमांश इंची पार्टिंग टूल. तिरकी पटाशी शिकायला सर्वांत अवघड आहे, वरचे टोक लाकडात चटकन शिरते. पण ती वश झाली की सागाच्या खांबाला पॉलिश पेपर जवळजवळ लागत नाही. साग दिसायला मऊ असला तरी त्यात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, हेही या खांबांवरच कळले.

वाटीची पटाशी घेताना मापांचा घोळ समोर आला. ब्रिटिश पद्धतीत पन्हळीच्या, म्हणजे पटाशीतल्या खोलगट खाचेच्या, रुंदीवरून माप सांगतात, तर अमेरिकन पद्धतीत दांड्याच्या जाडीवरून. त्यामुळे ब्रिटिशांची तीन-अष्टमांश इंची पटाशी ही अमेरिकेत अर्धा इंची ठरते. मला हवी होती अर्धा इंच जाड दांड्याची. मागवण्याआधी दांड्याची जाडी मिलिमीटरमध्ये विचारून घेतली म्हणून योग्य वस्तू आली. टेकणीपासून धार जितकी पुढे जाते तितका दांड्यावर ताण वाढतो, म्हणून माझ्या मते जाडीशी तडजोड करू नये.

बदलत्या कार्बाइड टोकाच्या अवजारांचाही मी विचार केला होता. त्यांना धार लावावी लागत नाही, टोक बोथट झाले की फिरवायचे आणि शेवटी बदलायचे. पण ती बहुतांशी खरवडतात. आंब्यासारख्या लाकडात त्यामुळे तंतू उपटून पृष्ठभाग खडबडीत होतो. मी त्याऐवजी तेवढे पैसे आठ इंची, मिनिटाला सुमारे १,४४० फेऱ्यांच्या ग्राइंडरवर घातले, त्याला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे ८० नंबरचे चाक बसवले आणि कोन कायम राहावा म्हणून साधी टेकणी केली. धारेचा कोन रुंद गोल पटाशीला ४५ अंश, वाटीच्या पटाशीला ५५ अंश. हे कोन मी लाकडाच्या लहान तुकड्यांवर कापून ठेवले आहेत आणि प्रत्येक वेळी आधी त्यांच्याशी ताडून पाहतो.

जुन्या पेटीतल्या दोन जाड पटाश्यांचे मी खरवडणीत रूपांतर केले, त्या वाटीच्या तळाशी उपयोगी पडतात. वाकलेली पटाशी टाकून दिली. नव्या रुंद गोल पटाशीच्या मुठीवर मी लाल लाखेचा जाड पट्टा चढवला आहे, कारण सुटीत भाचा लेथवर बसतो, आणि तो पट्टा असलेले हत्यार वाटीजवळ न्यायचे नाही एवढे त्याला पहिल्याच दिवशी शिकवले आहे.