कॉन्फरन्सला गेले आणि कॉपी करताना पकडले गेले

परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या कॉन्फरन्सला जाऊन आले, पाय अजून दुखतायत. टेसॉल ही इंग्रजी शिक्षकांची संघटना १९६६ ची, तशीच दुसरी आयाटेफल १९६७ ची, म्हणजे असे मेळावे जुनेच, मीच पहिल्यांदा गेले. मोठी भाषणं ठीकठाक, अर्ध्यात जांभया. खरी मजा छोट्या वर्कशॉपला, तिथे जोड्या लावल्या, मला एक चित्र, समोरच्या बाईंना जवळपास तसंच दुसरं, एकमेकींचं न बघता नुसतं विचारून फरक शोधायचे, आणि आम्ही दोघी शिक्षिका असून पाचव्या मिनिटाला चक्क डोकावलो! (वर्गात पोरांना यावरूनच ओरडते मी.) ट्रेनर मागेच उभा. मग मांजर खिडकीच्या आत की बाहेर यावर आमचं जे काय जुंपलं, प्रीपोझिशन्सची सगळी उजळणी झाली.