घट्ट झाकण आणि शाळेचा पहिला दिवस

मधली सुट्टी संपायला पाचच मिनिटं राहिली होती आणि एक मुलगा डबा मांडीवर घेऊन तसाच बसलेला. मला वाटलं याचं खाऊन झालं असेल, जवळ गेले तर डबा उघडलेलाच नाही. चारही बाजूंनी क्लिप असलेला नवा कोरा डबा, आणि क्लिप ओढून ओढून त्याच्या बोटांची टोकं लालबुंद झालेली. रडत नव्हता, कुणाला सांगतही नव्हता, नुसता त्या झाकणाकडे बघत बसला होता. मी विचारलं, अरे मला का नाही सांगितलंस? तेव्हा काहीच बोलला नाही. आठवड्याभराने जरा रुळल्यावर स्वतःहून म्हणाला, "तुम्हाला हाक काय मारायची ते मला माहीत नव्हतं."

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते, बरीच वर्षं झाली, पण हे वाक्य काही डोक्यातून जात नाही. त्याच्या आईबाबांनी कशात काही कमी केलं नव्हतं हो, यादीतलं सगळं आणलं होतं, सगळ्यावर नाव घातलं होतं, पण सगळंच्या सगळं पहिल्या दिवशी पहिल्यांदाच वापरात आलं. डबा नवा, बूट नवे, बॅगेची चेन नवी, बटणं कडक, बाई नव्या, उठायची वेळसुद्धा नवी. एवढं सगळं एका सकाळी सहा वर्षांच्या जिवाने कसं पेलायचं? म्हणून दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी जे पालक विचारतात की बाई काय काय तयारी करू, त्यांना मी एकच सांगते, जे जे नवीन आणलंय ते घरातच जुनं करून पाठवा.

झोपेपासून सुरुवात करा, कारण तिला सगळ्यात जास्त दिवस लागतात आणि तीच सगळ्यात शेवटी आठवते. सुट्टीत रात्री उशिरापर्यंत जागणं आणि सकाळी आरामात उठणं हे सगळ्याच घरात होतं, त्यात चूक काही नाही, पण शाळेच्या आदल्या रात्री "आज लवकर झोप" म्हणून काही होत नाही, मूल अंधारात टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहतं. शरीरातलं घड्याळ एका रात्रीत मागे येत नाही. किमान दोन आठवडे आधी सुरुवात करा, दर एक-दोन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे सरका, आणि झोपवण्यापेक्षा उठवण्यापासून सुरू करा. सकाळी उठलं की पडदे उघडायचे, शक्य असेल तर बाहेर उजेडात नेऊन आणायचं, कारण सकाळचा उजेड डोळ्यात गेला की ते आतलं घड्याळ पुढच्या रात्री लवकर झोप आणतं. किती झोप हवी असं विचाराल तर अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये जे आकडे दिलेत तेच मी सांगते, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाला ८ ते १० तास. आता उलटा हिशोब करून बघा, मूल सहाला उठणार असेल तर नऊला झोपलेलं हवं, नऊला झोपायला निघालेलं नाही.

मोठ्या मुलांबद्दल इथेच सांगते, वयात येताना मेलाटोनिन म्हणजे झोप आणणारं हार्मोन रात्री उशिराच स्रवायला लागतं, त्यामुळे चौदा वर्षांचा मुलगा रात्री अकरापर्यंत जागा असतो तो नुसता हट्टाने नाही, त्याला खरंच झोप आलेली नसते. त्याला आळशी म्हणू नका प्लीज. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा, आणि घरातल्या सगळ्यांचेच लावा, म्हणजे शिक्षा वाटत नाही.

मग हाताने करायच्या गोष्टी. याबद्दल मी कितीही बोलू शकते. डबा उघडणं आणि बंद करणं, बाटलीचं झाकण, बॅगेची चेन, बुटाचे बंद किंवा वेल्क्रो, पँटची चेन आणि हूक, रुमाल खिशातून काढून नाक पुसणं आणि परत ठेवणं. घरी आपण नकळत सगळं करून देतो, घाई असते ना. दोन आठवडे रोज एक वेळचं खाणं त्याला त्याच्याच डब्यातून द्या, जमिनीवर बसवून, १५ मिनिटांचं घड्याळ लावून, आणि तुम्ही हात मागे बांधून बसा. कुठे अडतंय ते पहिल्याच दिवशी कळेल.

टॉयलेटचं मात्र नक्की बघा. लहान मुलं शाळेत पाणी पीत नाहीत आणि दिवसभर रोखून धरतात, कारण कडी लागत नाही, वास येतो, किंवा वर्गात उठून विचारायचं कसं ते कळत नाही. मग दुपारी पोटात दुखतं, काहींना बद्धकोष्ठता होते, आणि घरी कुणाला कळतच नाही की याचं मूळ टॉयलेटच्या कडीत आहे. "मला टॉयलेटला जायचंय" हे वाक्य मोठ्याने, अनोळखी माणसासमोर म्हणायची प्रॅक्टिस करून घ्या. लाजरं मूल असेल तर आजीला बाई बनवा आणि खेळ खेळा, चार-पाच वेळा झालं की जमतं. त्यातच "मला हे उघडत नाहीये, मदत करता का" हेही घ्या. आणि बाईंना हाक काय मारायची ते शाळेत विचारून ठेवा, माझ्यासाठी तरी.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. मुलाला उभं करून दोन्ही पायात घालून बघा, अंगठ्याच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. वर्षभर पुरावेत म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर मूल धडपडतं, पळताना मागे राहतं. मग रोज तासभर घरात घालून फिरू द्या.

बॅगेचं वजन मुलाच्या वजनाच्या साधारण १० टक्क्यांच्या आत असावं असं सांगतात, म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो. आता एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे तिथेच एक किलो गेला, त्यात रिकाम्या बॅगेचं स्वतःचं वजन. म्हणून बॅग घेताना चित्र कुठलं आहे त्याआधी ती रिकामी उचलून बघा. दोन्ही पट्टे खांद्यावर, जड पुस्तकं पाठीच्या बाजूला. आणि नवीन काही घ्यायच्या आधी मागच्या वर्षीचं सगळं जमिनीवर ओतून बघा, निम्मं सामान तसंच चांगलं निघतं. वाचता न येणाऱ्या मुलाच्या वस्तूंवर नावासोबत एक ठरावीक चित्र लावा, प्रत्येक वस्तूवर तेच, त्याचं त्याला ओळखता येतं.

डोळे तपासून घ्या, दिसतंय असं वाटलं तरी. ज्या मुलाला पहिल्यापासून धूसर दिसतंय त्याला वाटतं जग असंच असतं, ते तक्रार कशी करणार? आणि एक डोळा कमजोर असेल तर दुसऱ्या डोळ्याने ते काम चालवून नेतं, कुणाच्या लक्षात येत नाही. याला आळशी डोळा म्हणतात आणि साधारण सात वर्षांच्या आत सापडला तर उपचारांचा फायदा जास्त होतो. माझ्या वर्गात एक मुलगी फळ्यावरचं उतरवताना सतत शेजारणीच्या वहीत बघायची, आम्हाला वाटलं लक्ष नाही. चष्मा लागल्यावर तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, फळ्यावर रेघा पण आहेत!

दमा असेल, ॲलर्जी असेल, कधी फिट आली असेल, रोजचं औषध असेल, तर ते फॉर्ममध्ये लिहाच पण बाईंना तोंडीही सांगा. न्यायला कोण येणार आणि कोणाकडे सोडायचं नाही हेही सांगा. घरात काही झालंय, आईबाबा वेगळे राहायला लागलेत, कुणी गेलंय, तर दोन वाक्यं पुरतात. खोदून आम्ही विचारणार नाही, पण मूल गप्प का आहे ते समजून घ्यायला सोपं जातं.

शाळा सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी एक सकाळ पूर्ण रंगीत तालीम करा. अलार्म, अंघोळ, युनिफॉर्म, बॅग, घराबाहेर पडायचं, शाळेच्या गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं. माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी कळलं की आमची वीस मिनिटं फक्त मोज्यात जात होती, मोज्याची पुढची शिवण बोटाला टोचायची आणि तो काढून घालून काढून घालून करायचा. मोजे उलटे घातले, संपला विषय. हे जर पहिल्या दिवशी झालं असतं तर मी ओरडले असते आणि तो रडत शाळेत गेला असता.

आता गेटवरचं. मुलाची नजर चुकवून पळून जाऊ नका. मला माहितीये तुम्हालाही पोटात तुटतं, पण ते वळून बघतं आणि तुम्ही नसता, मग दुसऱ्या दिवशी ते तुमचा हात सोडतच नाही. सांगून जा, थोडक्यात, दरवेळी त्याच शब्दांत. "लवकर येते" म्हणू नका, त्याला लवकर म्हणजे किती ते कळत नाही, "गोष्टीचा तास झाला की मी इथेच उभी असेन" असं म्हणा आणि खरंच तिथेच उभ्या राहा, पाच मिनिटं आधी. बहुतेक मुलं तुम्ही नजरेआड झाल्यावर थोड्या वेळात शांत होतात, मी रोज बघते.

मोठी मुलं रडत नाहीत, त्यांचं सकाळी पोट दुखतं, डोकं दुखतं. ते नाटक नसतं, काळजीने खरंच दुखतं. "घाबरायचं काय त्यात" म्हटलं की ते बोलायचं बंद होतं. त्यापेक्षा विचारा, सुट्टीत कुणाबरोबर बसणार, कुठला तास नको वाटतो, गेल्या वर्षीचं कोण या वर्गात आहे. शाळेच्या दिवशीच दुखतंय आणि सुट्टीला नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं तर वर्गशिक्षकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

आणि हो, क्लिपच्या डब्याच्या झाकणात आतून एक रबराची रिंग असते. डब्यात पातळ काही देणार नसाल तर पहिले काही दिवस ती काढून ठेवा, झाकण सहा वर्षांच्या बोटांनी उघडतं.