ज्यांची जोड लागली नाही

बॉक्सिंगवर लिहिणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो: अली, टायसन, मेवेदर ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत; पण ज्याचं नाव व्हायला हवं होतं आणि झालं नाही, असा बॉक्सर कोण? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. माझं पहिलं उत्तर कायम एकच असतं, माइक मॅकॅलम.

जमैकातल्या किंग्स्टनचा, जन्म १९५६चा. एकूण ५५ लढती, ४९ विजय, त्यातले ३६ समोरच्याला बाद करून, ५ पराभव, १ बरोबरी. तीन वजनगटांत जगज्जेता. एवढं असूनही १९८०च्या दशकाचं नाव निघालं की लोक चार नावं घेतात: लेनर्ड, हर्न्स, हॅग्लर, दुरान. मॅकॅलम त्याच काळातला, त्यांच्याच वजनांच्या आसपासचा, आणि या चौघांपैकी एकाशीही त्याची लढत झाली नाही.

कुस्तीच्या फडात जोड लागावी लागते, तसंच हे आहे. पैलवान कितीही तयारीचा असो, तोलामोलाची जोड लागली नाही तर गाव त्याला ओळखत नाही. १९८४ साली दुरान १५४ पौंडांचा, म्हणजे साधारण ७० किलोचा, डब्ल्यूबीए (वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन) या संघटनेचा विजेता होता आणि नियमाप्रमाणे त्याचा पुढचा आव्हानवीर मॅकॅलम होता. दुराननं हर्न्सशी लढायचं ठरवलं, कारण पैसा तिथं होता. डब्ल्यूबीएनं त्याचा किताब काढून घेतला. हर्न्सनं दुरानला दुसऱ्या फेरीत झोपवलं, आणि तीच लढत आजही सगळे बघतात. मोकळा झालेला किताब मॅकॅलमनं ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला शॉन मॅनियनला १५ फेऱ्यांत हरवून घेतला. त्याची आठवण कुणाला नाही.

बाकीच्यांनी त्याला टाळलं त्यामागे साधा हिशेब होता. त्याला हरवून नाव होणार नव्हतं, पैसा मिळणार नव्हता. हरलं तर मात्र असलेलं सगळं गेलं. आणि हरण्याची शक्यता चांगलीच होती, कारण त्याचा डावा हात. त्याला ‘बॉडी स्नॅचर’ म्हणायचे ते याच हातामुळे.

यकृत आपल्या उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड असतं. डावा पाय पुढे ठेवून उभा राहणारा बॉक्सर असेल तर त्याचं उजवं कोपर त्या जागेवर झाकणासारखं असतं. आधी ते झाकण उघडायला लावायचं. त्यासाठी दोन-तीन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, कपाळाच्या रोखानं टाकायचे. ते अडवायला समोरच्याचा उजवा हात वर जातो आणि त्याबरोबर कोपर चार बोटं उचललं जातं. तेवढ्यात आपला डावा पाय अर्धं पाऊल बाहेर, डावीकडे. गुडघे वाकवायचे, पाठ नाही. भार डाव्या मांडीवर घ्यायचा. मग डावा चवडा आत फिरतो, त्यामागून कंबर, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. मूठ हुकसारखी आडवी जात नाही की अपरकटसारखी उभी वर येत नाही. दोन्हींच्या मधल्या तिरक्या रेषेत शेवटच्या बरगडीखाली शिरते. उजवा हात या सगळ्या वेळात गालाला चिकटलेला.

चुका होतात त्याही ठरलेल्या. गुडघ्याऐवजी कंबरेत वाकलं की डोकं पुढे येतं आणि समोरच्याच्या अपरकटवर आयतं सापडतं. मारण्याआधी डावा हात खाली सोडून मागे घेतला की त्याच्या उजव्या हाताला रस्ता मोकळा. अंतर जास्त असेल तर मूठ कोपरावर आदळते आणि आपलाच हात दुखावतो; फार जवळ गेलं तर ठोसा अंगाला घासून वाया जातो. आणि जॅब न टाकता थेट पोटावर गेलं तर झाकण बंदच असतं. नवशिके इथंच फसतात.

नीट बसला तर क्षणभर काहीच होत नाही. मग रक्तदाब एकदम उतरतो, श्वास अडकतो, पाय आपोआप दुमडतात. डोकं शाबूत असतं, रेफ्रीचे आकडे स्पष्ट ऐकू येतात, तरी शरीर उठत नाही. जबड्यावरच्या ठोशात माणूस शुद्ध हरपतो, ते पडद्यावर दिसतं. यकृतावरच्या ठोशात तो फक्त गुडघ्यावर बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, याला झालं तरी काय? अशी कामगिरी दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये मावत नाही.

१८ जुलै १९८७, लास व्हेगास. समोर डोनाल्ड करी, वेल्टरवेटचा, म्हणजे १४७ पौंडांच्या गटाचा माजी निर्विवाद विजेता. पहिल्या चार फेऱ्यांत करी सरस दिसत होता. पण पोटावर हात आला की तो सरळ मागे झुकत होता आणि त्याचा उजवा हात खाली राहत होता. पाचव्या फेरीत मॅकॅलमनं खाली रोख दाखवला आणि तोच डावा हात जबड्यावर आणला. करी पाठीवर पडला आणि दहा आकड्यांत उठला नाही. आधीच्या वर्षी मॅकॅलमनं ज्युलियन जॅक्सनला दुसऱ्या फेरीत थांबवलं होतं. जॅक्सन तोपर्यंत अपराजित होता आणि पुढे बॉक्सिंगमधल्या सगळ्यात जड हातांपैकी एक म्हणून ओळखला गेला.

दुसरं नाव एझर्ड चार्ल्स. हेवीवेटचा जगज्जेता झालेल्या माणसाला उपेक्षित कसं म्हणता, असं विचारतात. त्याचं खरं वजन हेवीवेटचं नव्हतंच. तो १७५ पौंडांच्या, म्हणजे ७९ किलोंच्या गटातला, आणि त्या गटातला आजवरचा सर्वोत्तम, असं मी बेधडक म्हणतो. त्याच गटाच्या किताबासाठी लढायची संधी त्याला एकदाही दिली गेली नाही. आर्ची मूरला त्यानं १९४६ ते १९४८ या काळात तीनदा हरवलं, तिसऱ्यांदा आठव्या फेरीत बाद करून. हाच मूर पुढे १९५२ मध्ये त्या गटाचा विजेता झाला आणि जवळपास दहा वर्षं राहिला. म्हणजे चार्ल्सनं उतरणीला लागलेला मूर गाठला होता, असं म्हणायला जागा नाही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत त्याच्याशी लढलेला तरुण सॅम बरूडी दगावला. त्यानंतर चार्ल्सचा हात आखडला, समोरचा डळमळू लागला की तो आधीसारखा तुटून पडत नसे, असं त्याला पाहणारे सांगत आले. पुढच्याच वर्षी जर्सी जो वॉलकॉटला हरवून त्यानं एनबीएचा (नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन) हेवीवेट किताब घेतला, आणि सप्टेंबर १९५०ला यँकी स्टेडियमवर जो लुईला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. वजनाचे आकडे बघा: लुई २१८ पौंड, चार्ल्स १८४ आणि अर्धा. पंधरा किलोंचा फरक. पण लुई लोकांचा लाडका, करांच्या थकबाकीपायी रिंगमध्ये परतलेला, ३६ वर्षांचा. त्याला हरवणाऱ्याचं कौतुक करायला लोकांचं मन झालं नाही.

नुसता आकडा बघणारा ९५ विजयांपुढचे २५ पराभव बघून नाक मुरडतो. तारखा वाचल्या तर दिसतं की त्यातले जवळपास निम्मे सप्टेंबर १९५४ नंतरचे, म्हणजे तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो याच्याबरोबरच्या दुसऱ्या लढतीनंतरचे आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये तो मार्सियानोसमोर पूर्ण १५ फेऱ्या टिकला होता, आणि असं दुसऱ्या कुणालाच जमलं नाही. दुसऱ्या लढतीत त्यानं मार्सियानोचं नाक असं फोडलं की लढत थांबते की काय अशी वेळ आली. आठव्या फेरीत चार्ल्स बाद झाला.

चार्ली बर्लीबद्दल लिहिताना अडचण येते, कारण बघायला फारसं काही उरलेलंच नाही. पिट्सबर्गचा हा कृष्णवर्णीय बॉक्सर १९४४ मध्ये आर्ची मूरला अनेकदा खाली पाडून १० फेऱ्यांत जिंकला. फ्रिट्झी झिविक पुढे वेल्टरवेटचा जगज्जेता झाला; बर्लीनं त्याला तीनपैकी दोनदा हरवलं होतं. स्वतः बर्लीला जागतिक किताबाची एकही लढत मिळाली नाही. त्याच्यासारखे हॉलमन विल्यम्स, लॉइड मार्शल, कोको किड हे सगळे गोऱ्या विजेत्यांनी दार बंद केल्यामुळे आपसातच लढत राहिले. बर्ली आणि विल्यम्स तर सात वेळा. पुढे बर्लीनं पिट्सबर्ग शहराच्या कचरागाडीवर नोकरी केली. १९४६च्या ओकलंड बिली स्मिथबरोबरच्या लढतीचं चित्रण मिळतं, ते जरूर बघा. हात खाली सोडलेले, आणि डोकं ठोशाच्या रेषेतून जेमतेम वीतभर सरकतं. त्याहून जास्त कधीच नाही, त्यामुळे उलटा ठोसा मारायला तो कायम अंतरात असतो.

रिकार्डो लोपेझवर आक्षेप असतो तो ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ असा. मेक्सिकोचा, सगळ्यात हलक्या म्हणजे ४७.६ किलोंच्या गटातला. ५१ विजय, १ बरोबरी, पराभव शून्य. गटात दमदार प्रतिस्पर्धी कमी होते हे खरं. पण ऑक्टोबर १९९० मध्ये टोकियोत जाऊन त्यानं जपानच्या ओहाशीकडून किताब हिसकावला, आणि पुढची दहाएक वर्षं तो मोठ्या नावांच्या लढतींआधी, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असताना लढत राहिला. त्याच्यासारखं नेटकं तंत्र मला दुसऱ्या कुणात दिसलेलं नाही. डावा हुक बरगडीवर, तोच हात मागे न नेता डावा अपरकट हनुवटीखाली, आणि लगेच अर्धं पाऊल बाजूला. शिकणाऱ्यानं अलीची नक्कल करू नये. लोपेझची जरूर करावी, कारण त्यातलं काहीच उपजत वेगावर अवलंबून नाही.

आपल्याकडचं नाव विचारता तेव्हा मी हवा सिंग यांचं घेतो: १९६६ आणि १९७० अशा लागोपाठच्या एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण, आणि नंतर भिवानीत मुलं घडवणं. दुसरं गुरचरण सिंगचं. सिडनी २०००, ८१ किलो गट, उपांत्यपूर्व फेरी. शेवटच्या सेकंदांपर्यंत गुरचरण पुढे होता, मग युक्रेनच्या फेडचुकनं १२-१२ केलं. तेव्हा पाच जजांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळायचा. बरोबरी झाली की सगळ्यांनी दाबलेली एकूण बटणं मोजायची, आणि त्यात फेडचुक पुढे निघाला. पदक इतकं जवळ येऊन गेलं. त्या पद्धतीत पोटावरचे ठोसे फारसे मोजलेही जात नसत, कारण लांबून तीन जजांना ते एकाच वेळी दिसणं कठीण.

तुम्हाला स्वतःला अशी नावं शोधायची असतील तर बॉक्सरेक या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर विजय-पराभवाच्या एकूण आकड्यावर थांबू नका. प्रत्येक मोठ्या लढतीसमोर तारीख, दोघांची वजनं आणि त्या दिवशीचं प्रतिस्पर्ध्याचं रेकॉर्ड बघा. मग तो प्रतिस्पर्धी पुढच्या पाच वर्षांत कुणाकुणाला हरवतो ते बघा. मॅकॅलम १९९० मध्ये स्टीव्ह कॉलिन्सला हरवतो. कॉलिन्स पुढे युबँक आणि बेन या दोघा ब्रिटिश जगज्जेत्यांना हरवतो. उलट, १९९६ साली रॉय जोन्सकडून मॅकॅलम हरला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता; त्या लढतीवरून त्याला जोखू नका.

सुरुवात कुठून करू, तर १३ डिसेंबर १९९१, अटलांटिक सिटी, मॅकॅलम विरुद्ध जेम्स टोनी. मॅकॅलम ३५ वर्षांचा, टोनी २३ वर्षांचा अपराजित विजेता. १२ फेऱ्या, निकाल बरोबरी. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, समालोचक ज्याचं नाव जास्त घेतात तोच जिंकतोय असं वाटू लागतं. दुसऱ्यांदा फक्त मॅकॅलमचा जॅब मोजा, फेरीगणिक आकडा कागदावर लिहा. तिसऱ्यांदा टोनीच्या उजव्या कोपराकडे बघा: मॅकॅलमचा जॅब गेला की ते बरगडीवरून कधी आणि किती उचललं जातं, आणि डावा हात तिथं किती वेळात पोचतो.