अडकवून ठेवलेली मजुरी

"सर, इतकी वर्षे तुम्ही रोज बायबल वाचता, पण त्याचा जगण्यात उपयोग काय होतो?" हा प्रश्न मला मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, तरुण विचारतात, शाळेतले जुने सहकारी विचारतात आणि अलीकडे माझा मुलगाही विचारू लागला आहे. उपासनेनंतर अंगणात उभ्या उभ्या मी जे उत्तर देतो ते खोटे नसते, पण अपुरे असते. म्हणून आज सविस्तर लिहितो.

माझा क्रम तुम्हांला ठाऊक आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत 1189 अध्याय, दिवसाला तीन किंवा चार, म्हणजे जानेवारीत धरलेले वाचन डिसेंबरअखेर पूर्ण होते. भाषा अवघड आहे ही सबब मी कधीच मानली नाही. साध्यासुध्या बायकांनाही वाचता यावे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावात आयुष्याची शेवटची वर्षे भाषांतराला दिली. त्या 1922 मध्ये गेल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघाले. माझी आजी त्यातूनच वाचायला शिकली. तेव्हा वचन कळत नव्हते असे मी म्हणूच शकत नाही. मला सगळे कळत होते, आणि दुखणे तिथेच आहे.

2011 च्या मे महिन्यात आम्ही नगरच्या घराच्या गच्चीवर कोबा करून घेतला. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल उतरली. गवंड्याचे 3200 रुपये देणे बाकी होते. ते मी रोखून धरले आणि आधी गळती थांबवा, मग पैसे, असे सांगितले. त्याने दोनदा येऊन भेगा भरल्या, तरी ओल हटली नाही. तिसऱ्या शनिवारी तो संध्याकाळी आला तेव्हा मी आतल्या खोलीत होतो आणि सर घरी नाहीत असे सांगण्याची खूण मी पत्नीला केली. तिने तसे सांगितले नाही. ती माझ्याकडे नुसती पाहत उभी राहिली, तेव्हा मला बाहेर यावेच लागले. तो पायरीवर बसला होता. सिमेंटने उललेल्या बोटांनी त्याने खिशातून एक वही काढली. प्रत्येक बिगाऱ्याच्या नावापुढे खाड्यांच्या फुल्या आणि कामाच्या दिवसांच्या उभ्या रेघा होत्या. "तुमचं बरोबर असंल सर," तो म्हणाला, "पण हे पोरांचं पैसं हायेत. मी त्यांना व्याजानं काढून दिलेत." मी त्याला पुढच्या आठवड्यात या म्हटले. तो पुन्हा आला नाही.

तेव्हाचा मी अजूनही माझ्याशी वाद घालतो. काम सदोष होते, मी कष्टाने मिळवलेला पैसा राखत होतो, उद्या कोणीही अर्धवट काम करून हात पुढे करील, असे तो म्हणतो, आणि त्यातले काहीही मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. छत खरोखरच गळत होते. पण मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे राहू देऊ नये, हे बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातले वचन मी त्याच फेब्रुवारीत वाचले होते, त्याखाली लाल शाईची रेघ ओढली होती आणि बाजूला तारीखही घातली होती. एवढेच नव्हे, तर ऑगस्टमध्ये मी मंडळीत बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रावर शास्त्राभ्यास घेतला, आणि आरशात तोंड पाहून ते लगेच विसरणाऱ्या माणसाचा दाखला तरुणांना समजावून सांगितला. त्या तासभरात गवंडी मला एकदाही आठवला नाही.

नाताळच्या आठवडाभर आधी क्रमाने याकोबाचा पाचवा अध्याय आला. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असे तिथे लिहिले आहे. मला ती वही दिसली. त्याच दुपारी मी त्याच्या वस्तीवर गेलो. तो कामासाठी पुण्याला गेला होता, घरी त्याची आई होती. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने अन्यायाने घेतलेले चौपट परत देऊ केले होते, तो हिशेब 12,800 होतो, आणि तो मी वाटेत मनात केला होता. मी तिला 4000 दिले. व्याज किती भरावे लागले हे मी विचारले नाही, कारण आकडा ऐकला असता तर तो द्यावा लागला असता. तिने नोटा मोजल्या, पदराला बांधल्या आणि मला चहा करू का असे विचारले. मी थांबलो नाही.

तेव्हा उपयोग काय होतो, याचे माझे उत्तर असे की, वाचनाने मला वेळेवर अडवले नाही, पण सहा महिन्यांनी गाठले. एवढ्यासाठी रोज वाचायचे का, असे मुलगा विचारतो. मी हो म्हणतो, पण त्याचे समाधान होत नाही.

गेल्या वर्षी रंगकाम झाले. एका भिंतीला फुगे आले होते, तरी शनिवारी संध्याकाळी सगळी मजुरी दिली आणि भिंतीचा विषय सोमवारी काढला. मात्र पैसे मोजताना हात जड झाला होता. खुशीने देणारा देवाला प्रिय असतो असे प्रेषित पौल लिहितो. ते दानाविषयी आहे, मजुरीविषयी नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो, आणि दर वेळी ती मला पटतेच असे नाही.