इतकं खरखरीत का ऐकता?

माझ्याकडचं संगीत कानावर पडलं की बहुतेक जण हेच विचारतात: गाणं असेलही चांगलं, पण रेकॉर्डिंग इतकं वाईट का? हे लोक चांगल्या स्टुडिओत का जात नाहीत? प्रश्न रास्त आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मी ऐकतो ते एकट्या माणसाने घरी बसून केलेलं ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलचा वेगवान, काळोखा प्रकार. गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड, किंकाळ्या, सगळं त्याचंच. 1979 साली टीअ‍ॅक कंपनीने पोर्टास्टुडिओ, म्हणजे साध्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करणारं घरगुती यंत्र, बाजारात आणला आणि हे घरच्या घरी शक्य झालं. एरवी कॅसेटच्या प्रत्येक बाजूला दोन ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या दोन स्वतंत्र वाटा, असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं. चार पुरले नाहीत, तर भरलेले तीन मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करून घ्यायचे. दर वेळी टेपची सूं-सूं वाढते, वरच्या पट्टीतली धार बोथट होते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं करता येत नाही. ड्रम गिटारच्या किती मागे ठेवायचे हे गाणं पुरं व्हायच्या आतच ठरवून टाकावं लागतं. त्या निर्णयांतला धीटपणा मला ऐकू येतो.

पैसे नव्हते म्हणून असं झालं, हे अर्धंच खरं. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडने 1991 चा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, रीतसर केला होता. तरी 1994 चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ त्याच बँडमधल्या फेनरिझने चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर केला. वाद्यं सगळी त्याची, आवाज तेवढा साथीदाराचा. स्टुडिओ पाहून झाल्यावर निवडलेला आवाज आहे तो. (मूळ आवृत्तीच्या मागच्या बाजूला छापलेले वंशवादी शब्द मला आजही खुपतात, आणि या अल्बमबद्दल बोलताना ते लपवू नयेत असं माझं मत आहे.)

पण माझा जीव खरा जडला आहे तो स्वित्झर्लंडच्या ‘पेइझाज दिवेर’वर. विंटहेर नावाने वावरणारा एकच माणूस 1998 पासून एकामागून एक डेमो, म्हणजे अल्बम न म्हणवणारी कच्ची रेकॉर्डिंगं, काढत आला. हिवाळ्याच्या एका जगात भटकणाऱ्या वाटसरूची ही गोष्ट आहे आणि प्रत्येक डेमो तिचा एकेक तुकडा. ‘आपला पहिला अल्बम’ म्हणून त्याने काही काढलं ते थेट 2020 साली: ‘इम वाल्ड’, जवळजवळ दोन तासांचा.

त्याच्या जुन्या डेमोंमध्ये गिटार आणि वारा वेगळे काढता येत नाहीत. गिटारवर एकच स्वर अतिवेगाने छेडला जातो. तो टेपवर गच्च दाबून भरला की एकेका आघाताची कड पुसली जाते आणि स्वरांची सलग चादर उरते. त्यावर दुसरी, तिसरी गिटार चढली की स्वरांवरचे उपस्वर एकमेकांवर आदळतात आणि कुणीच न वाजवलेली एक चाल वर तरंगू लागते. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तसं. तो गंधार कुणी छेडलेला नसतो, पण ऐकणाऱ्याला तो असतोच. ही रेकॉर्डिंग स्वच्छ केली तर आधी ती चाल जाईल, मग बर्फ जाईल, आणि हातात चार साधे कॉर्ड उरतील.

थंड प्रदेशातली माणसं म्हणून असं सुचतं, हेही मला पटत नाही. ‘झास्थर’ हे स्कॉट कॉनरचं एकट्याचं काम. तो होता कॅलिफोर्नियातल्या अल्हॅम्ब्राचा, लॉस एंजेलिसला लागून, बारा महिने ऊन असलेल्या गावाचा. त्याच्या गाण्यांत कुबट अंधार आहे तो ऋतूतून आलेला नाही. दार लावून एकटं बसलेल्या माणसाकडे ‘इथे जरा थांब’ म्हणणारं कुणी नसतं, तेव्हा तो जिथवर जातो तिथला तो अंधार आहे. बँडमध्ये चौघांच्या संमतीने अशी गाणी होत नाहीत.

सगळीच घरगुती रेकॉर्डिंगं अशी असतात असं मुळीच नाही. बहुतेक कंटाळवाणी असतात. खरखरीखाली चाल नसेल तर खरखर नुसती खरखर राहते, आणि आता ती संगणकावर एका क्लिकने वरून शिंपडताही येते. असलं काही ऐकायला माझ्याकडे वेळ नाही.

तुम्हाला ऐकून पाहायचं असेल तर ‘इम वाल्ड’पासून सुरुवात करू नका, फार लांब आहे. ‘पेइझाज दिवेर’ याच नावाचा 1999 चा डेमो घ्या. हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा, इक्वलायझरला हात लावू नका. पहिली पाच मिनिटं काहीच कळणार नाही. तेव्हा ड्रम शोधू नका, गिटारच्या वर काय तरंगतंय तिकडे कान द्या.